अंतराचं वजन

ऑकलंडचं विमान रात्री दोनला सुटतं.
त्याआधी तासभर मी त्याच्या पंखाखाली असतो,
दोह्याच्या घामट हवेत,
हातमोज्यांत हात शिजत.

आधी तार जोडायची, मग नळी.
तार विसरलास तर एक ठिणगी पुरे,
एवढंच पहिल्या दिवशी इद्रिसने सांगितलं
आणि पुढे आठवडाभर काही बोलला नाही.

लोक अंतर किलोमीटरमध्ये विचारतात.
साडेचौदा हजार, थोडं इकडेतिकडे.
तासांत विचारतात: जाताना सोळा, येताना सतरा, साडेसतरा.
वाट तीच, वारा उलटा.
माझ्या मीटरवर मात्र अंतराला वजन असतं.
ऑकलंड म्हणजे शंभर टनांच्या वर.
मुंबई म्हणजे दहा-बारा,
अंग भिजायच्या आत भरून होते.

आणि उन्हाळ्यात तेल फुगतं.
लिटर वाढतात, वजन तेवढंच राहतं.
त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.
इथल्या वर्षांचाही ठेवायला हवा होता.

शाजीने एकदा ट्रकच्या दारावर, धुळीत,
बोटाने गणित मांडून दाखवलं:
भरलेल्या तेलातलं बरंचसं
तेलच वाहून न्यायला जळतं.
लांब जायचं तर जास्त न्यायचं,
जास्त न्यायचं तर जास्त जाळायचं.
मी म्हटलं, हे मला येतं.
दोन वर्षं म्हणून आलो होतो.
एजंटचे फेडण्यात एक गेलं, स्लॅबपायी तीन,
स्लॅब बघायला म्हणून रजा,
रजेतलं उसनं फेडायला पुन्हा एक…
हे अकरावं.
त्याने बाहीने गणित पुसलं.
दार तेवढ्यापुरतं स्वच्छ झालं.

शमिकाला शाळेत बक्षीस म्हणून पृथ्वीगोल मिळाला,
नारळाएवढा.
फोन डब्याला टेकवून ती दोरा धरून बसली:
बाबा, नकाशावरची सरळ रेघ इथे लांबची निघते.
दोरा ताणला की आपोआप जवळची वाट धरतो.
बघ, आपल्या जरा खालून जातोय. केरळावरून.
मी शाजीला हाक मारली, तुझ्या घरावरून जातं रे विमान!
तो म्हणाला, मग हॉर्न मारायला सांग.

ते लोक कधी पोचतात?
उद्या पहाटे. म्हणजे तिकडच्या उद्या.
मग मधला दिवस?
तो वाटेतच खर्च होतो.
आणि तू? मुंबई तर साडेतीन तास.
हो, पण पुढे देवरुखला रात्रभर लागते.
ते नाही, म्हणाली. तू.
मी म्हटलं, आवाज तुटतोय गं तुझा.

आवाज स्वच्छ येत होता.
मागे कुकरची शिट्टी झाली तीही ऐकू आली,
आणि शैला म्हणाली, गोल उचल, ताटं मांडायची आहेत.

आज एक तरुण पायलट खाली उतरून आला,
कागदावर अंगठ्याने रेघ दाखवत:
वरचा वारा बदललाय, आणखी दोन टन.
दोन टन.
छोट्या विमानात तेवढ्यात मी
मस्कतपर्यंत तरी गेलो असतो.
खटका दाबून उभा राहिलो.
नळी थरथरते तेव्हा
जमिनीखालून काहीतरी धावत जाताना कळतं,
कुठून येतं ते विचारायचं नसतं.

मग नमुना. काचेची बरणी दिव्यासमोर धरून
गोल गोल फिरवायची.
पाणी जड, असेल तर तळाशी उतरतंच,
आणि उतरलं तर विमान जागचं हलत नाही.
पायलटही वाकून बघत होता.
त्याच्या टाचेजवळ माझी सावली, चार दिव्यांच्या चार.
निवळ? त्याने विचारलं.
निवळ, मी म्हटलं. टिपूस नाही.

त्याने सही केली, वेळ घातली.
मी नळी काढली, गुंडाळली, टोपण लावलं.
मग तार.
तार सगळ्यांत शेवटी सोडायची असते.